जनावरांचा चित्रकार उस्ताद मन्सूर

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात एक छोटेसे प्रदर्शन भरले होते. त्यात माझेही एक छायाचित्र होते. मी इतिहासाचा अध्यापक. कॅमेरा हा माझा रविवारचा नाद. मार्च महिन्यात दांडेलीच्या जंगलात, काळी नदीच्या काठी, एका उंच झाडाच्या वाळक्या फांदीवर बसलेला कवड्या धनेश मला पहाटेच्या वेळी सापडला होता. कानडीत ज्याला मंगट्टे म्हणतात तोच हा पक्षी. मागे धुके होते, उजेड अजून फुटायचा होता. मी मुद्दामच कॅमेऱ्यात उजेड कमी घेतला आणि घरी आल्यावर उरलासुरला तपशीलही संगणकावर काळोखात बुडवून टाकला. राहिली ती फक्त एक काळी आकृती: ती भली मोठी वाकडी चोच, चोचीवरचे शिंगासारखे टोपण आणि लांब शेपूट. या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी त्यातल्या वातावरणाची, गूढतेची, एकाकीपणाची तारीफ केली. मीही ती सुखाने ऐकून घेतली.

बक्षिसाचा कार्यक्रम आटोपल्यावर प्राणिशास्त्राचे आमचे एक सहकारी त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारले की हा नर आहे की मादी. मला सांगता येईना. त्यांनी समजावून दिले की या जातीत नराचा डोळा तांबडा असतो, तर मादीच्या डोळ्याभोवती पांढुरकी कातडी असते. डोळा दिसला की काम झाले. आणि मार्चमध्ये मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसते, नर तिला बाहेरून फळे भरवतो. म्हणजे फांदीवरचा तो नर असेल तर जवळपास घरटे असण्याचा संभव मोठा. ते गेली काही वर्षे अशा घरट्यांची एक वही ठेवत आले आहेत. माझ्या चित्रातून त्यांना एक नोंद मिळेल अशी त्यांची आशा होती. पण डोळा होता कुठे? तो तर मीच काळोखात बुडवला होता. चित्र सुंदर आहे असे म्हणून ते निघून गेले, आणि त्या बक्षिसाची माझ्यापुरती तरी चव गेली.

हे सारे मनात घोळत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला ताईकडे गेलो. दाजी तिथे कापडाच्या धंद्यात आहेत. उधन्याच्या त्यांच्या गल्लीत खानदेशी मराठी इतकी ऐकू येते की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होते. एका संध्याकाळी दाजी मला तापीकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी घेऊन गेले. आपल्या मराठी माणसाला सुरत म्हटले की एकच गोष्ट आठवते. दाजींनीही लगेच १६६४ आणि १६७० ही साले काढली आणि महाराजांचे घोडे कोणत्या अंगाने आले असतील याची चर्चा सुरू केली. मी होकार देत होतो खरा, पण माझे चित्त त्याच्याही तीस-पस्तीस वर्षे मागे गेले होते. या गावात तेव्हा दोन विलक्षण पाहुणे राहून गेले होते, आणि ते माणसे नव्हते.

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६२८ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढली काही वर्षे त्याने हिंदुस्थानात काढली. सुरतेत आपण दोन डोडो पक्षी पाहिल्याचे त्याने नंतर लिहून ठेवले आहे. डोडो म्हणजे मॉरिशस बेटावरचा तो न उडणारा, टर्कीपेक्षाही मोठा पक्षी. मॉरिशसहून जहाजात घालून ते इथवर आणले गेले होते. सतराव्या शतकातच हा पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. तो जिवंत पाहिल्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १६६२ ची, म्हणजे महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीच्या दोनच वर्षे आधीची. आता गंमत अशी की डोडोचे सर्वात विश्वासार्ह मानले जाणारे जे एक रंगीत चित्र आहे ते युरोपातल्या चित्रकाराने काढलेले नाही. ते मोगल चित्र आहे. १९५५ मध्ये ते लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, अभ्यासकांच्या नजरेस आले. मधोमध डोडो उभा, आणि भोवती हिमालयातला शिंगाळा रानकोंबडा, डोक्यावर पट्टे असलेले हंस, भाटतितर आणि एक छोटा पोपट. जहांगीर बादशहाच्या पशुपक्षिसंग्रहात सुरत बंदरातून आलेला एखादा डोडो पाहून ते काढले असावे आणि ते उस्ताद मन्सूरचे असावे, असे जाणकार मानतात.

माझ्या धनेशाला जे जमले नाही ते या डोडोला कसे जमले, हा प्रश्न घेऊनच मी त्या रात्री ताईच्या घरी मन्सूरविषयीची माझी जुनी टिपणे उघडून बसलो. इतिहासाचा अध्यापक असून त्याच्याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते हे कबूल केले पाहिजे.

मन्सूरचा जन्म कधी झाला, कुठे झाला, त्याचे आईबाप कोण, याची नोंद कोणी करून ठेवलेली नाही. पदरच्या कारागिरांची चरित्रे लिहिण्याचा तो काळच नव्हता. आपल्या अजिंठ्याच्या चिताऱ्यांपैकी तरी एकाचे नाव कोणाला ठाऊक आहे? मोगलांच्या चित्रशाळेत निदान एवढी शिस्त होती की चित्राच्या कडेला कारकून बारीक अक्षरात कलावंताचे नाव टिपून ठेवी. अशी नावे आणि जहांगीरच्या आठवणी एवढ्या सामग्रीवरून या माणसाचे आयुष्य जुळवावे लागते.

त्याचे नाव पहिल्यांदा दिसते ते अकबराच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात. बाबराच्या तुर्की आत्मवृत्ताचे फारसी भाषांतर १५८९ मध्ये अकबराला सादर झाले आणि त्याच्या सचित्र प्रती तयार होऊ लागल्या. बाबराने हिंदुस्थानातल्या प्राण्यांचे, पक्ष्यांचे, झाडांचे मोठ्या कुतूहलाने वर्णन केले आहे. त्या पानांवरची जनावरे रंगवणाऱ्यांत मन्सूर होता. चित्रशाळेची रीत अशी की चित्राचा आराखडा एकाने करायचा, रंग दुसऱ्याने भरायचे, आणि चेहरे कधी तिसऱ्यानेच. मोठ्या चित्रांत मन्सूरचे नाव बहुधा रंग भरणारा म्हणून येते. नक्षीकामही तो करी, आणि सहीत स्वतःला नक्काश म्हणवी. म्हणजे पहिली काही वर्षे त्याने दुसऱ्यांच्या रेषांत रंग भरण्यात आणि वेलबुट्ट्या काढण्यात घालवली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त नामवंत चित्रकारांची जी सतरा नावे दिली आहेत त्यांत मन्सूर नाही. मला हे फार बोलके वाटते. आज त्या सतरांपैकी कितीकांची नावे अभ्यासकांशिवाय कोणाला माहीत आहेत?

माणसेही त्याला जमत होती. नौबतखान या बीनकाराचे त्याने केलेले चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण त्याचा खरा हात बसला तो जनावरांवर. त्याचे साहित्य आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा समजून घ्यावे. कागदाचे थर एकावर एक चिकटवून, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून तयार केलेला जाड कागद. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले, त्यांतले काही इतके बारीक की टोकाला जेमतेम एखादा केस. लाजवर्दाचा निळा, हिंगुळाचा तांबडा. अशा कुंचल्याने एकेक पीस, पिसाची एकेक काडी काढायची. माझ्या कॅमेऱ्याने एका सेकंदाच्या काही शतांश भागात टिपले ते त्याला कित्येक दिवस पुरले असते.

१६०५ मध्ये जहांगीर गादीवर आला आणि मन्सूरचे दिवस पालटले. जहांगीरच्या राज्यकारभाराबद्दल आणि व्यसनांबद्दल इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे खरे आहे. पण निसर्गाकडे पाहण्याची त्याची नजर एखाद्या शास्त्रज्ञाला शोभेल अशी होती. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी मोगल बादशहांच्या या निसर्गप्रेमावर १९२७-२८ मध्ये एक लेखमालाच लिहिली. आणि जहांगीर चित्रांचा पारखीही होता, अभिमानी पारखी. आपल्यापुढे चित्र आणले तर ते कोणी काढले हे नाव न सांगता ओळखीन. एकाच चित्रात अनेक चेहरे वेगवेगळ्या हातांचे असतील तर तेही सांगेन. फार काय, एका चेहऱ्यात डोळे आणि भुवया दुसऱ्याने रंगवल्या असतील तरी ते आपल्या ध्यानात येईल, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. यात बढाई किती हे सांगणे अवघड आहे. पण ज्याच्या मालकाची नजर डोळ्यांपर्यंत जाते त्या चित्रकाराला डोळा काळोखात लपवण्याची सोय नव्हती हे मात्र खरे. माझ्या परीक्षकांत जहांगीर असता तर!

सुरतेचा आणि मन्सूरचा संबंध इथेच जुळतो. मुकर्रबखान हा बादशहाच्या मर्जीतला सरदार खंबायत आणि सुरत या बंदरांचा कारभार पाहत होता. बादशहाने त्याला दुर्मीळ वस्तू मिळवण्यासाठी गोव्याला पोर्तुगीजांकडे पाठवले. तो १६१२ मध्ये दरबारी परतला तेव्हा त्याच्याबरोबर कधी न पाहिलेले प्राणी होते, आणि त्यांत एक टर्की नर होता. अमेरिकेतला हा पक्षी पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आला होता. जहांगीरने त्याचे वर्णन केले आहे ते वाचण्यासारखे आहे. त्याला सर्वात नवल वाटले ते या गोष्टीचे की पक्ष्याच्या डोक्याचा नि गळ्याचा रंग सारखा पालटतो. सरड्यासारखा, असे त्याने म्हटले आहे. आपल्या पणजोबाने, म्हणजे बाबराने, प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव आपण भरून काढतो आहोत असेही त्याने तिथेच नमूद केले आहे.

मन्सूरची टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मी तिची छापील प्रतिकृती पाहिली आहे. पक्षी एका बाजूने उभा, शेपटी पसरलेली, गळ्याची लोंबती कातडी तांबडी, पिसांचा एकेक पदर मोजता येईल इतका स्वच्छ. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. मला इथे थांबावेसे वाटले. जो पक्षी क्षणाक्षणाला रंग बदलतो त्याचा कोणता क्षण घ्यायचा, हे चित्रकाराला ठरवावेच लागते. म्हणजे मन्सूर नुसता नकलाकार होता असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. निवड तर त्याने केलीच. पक्षी बाजूने दाखवायचा, कारण चोच, पाय, शेपूट ही सगळी तशीच एकदम दिसतात. भोवतालचे घर, माणसे, आकाश गाळायचे, कारण ती नजर वेधून घेतात. उजेड सगळीकडे सारखा ठेवायचा, कारण सावली पडली की तिथले काहीतरी हरवते. छायाचित्रकार ज्या गोष्टींवर आपली सारी कला उभी करतो, धुके, सावली, तिरपा उजेड, त्या सगळ्या त्याने समजून उमजून बाजूला ठेवल्या.

या दरबारात चित्रकलेची चढाओढही चाले. १६१५ मध्ये सुरतेला उतरलेला इंग्रज वकील थॉमस रो याने बादशहाला एक इंग्रजी लघुचित्र दाखवले. बादशहाने आपल्या चित्रकाराकडून त्याच्या नकला करवल्या आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात सगळी चित्रे एकत्र मांडून तुझे कोणते ते ओळख म्हणाला. रोला ते ओळखायला चांगलेच श्रम पडले. हा चित्रकार मन्सूरच होता असे नाही. पण ज्या घरात तो वाढला त्या घराची पातळी यावरून कळते.

१६१७-१८ मध्ये बादशहाचा मुक्काम गुजरातेत होता. त्याच काळात त्याने लैला आणि मजनू नावाच्या सारस जोडीच्या मीलनाचे, अंड्यांचे, पिलांचे दिवसागणिक निरीक्षण नोंदवले. आणि १६१८ च्या नोंदींतच त्याने अबुल हसन आणि मन्सूर या दोघांना एकत्र गौरवले आहे. अबुल हसनला नादिर-उझ-जमान, मन्सूरला नादिर-उल-अस्र. दोन्हींचा अर्थ एकच, आपल्या काळातले नवल. एकेकाळी दुसऱ्याच्या रेषेत रंग भरणाऱ्या नक्काशाला ही पदवी मिळायला सुमारे तीस वर्षे लागली.

त्यानंतरची तीन वर्षे म्हणजे मन्सूरच्या आयुष्यातला सर्वात भरलेला भाग. १६१९ मध्ये इराणच्या शहाने एक उमदा ससाणा बादशहाला पाठवला. वाटेत सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे त्याला मांजराने ओरबाडले. तो दरबारात पोचला खरा, पण आठवडाभरही जगला नाही. पंखांवर, पाठीवर, कुशीवर सुंदर काळ्या खुणा असलेला हा पक्षी बादशहाला इतका आवडला होता की त्याने मन्सूरला त्याचे चित्र काढून ठेवायला सांगितले. आता असा विचार करा. जखमी पक्षी, परदेशातून आलेला, मरणाच्या दारात. आजच्या एखाद्या छायाचित्रकाराला यात केवढे तरी नाट्य सापडले असते. मलाही सापडले असते. मन्सूरला हुकूम होता तो त्याच्या खुणा टिकवण्याचा.

१६२० मध्ये जहांगीर काश्मिरात होता. तिथल्या फुलांना अंत नाही, पण मन्सूरने रंगवली ती शंभरावर आहेत, असे त्याने लिहिले आहे. त्यांतली फार थोडी आज उरली आहेत. तांबड्या ट्युलिपचे एक चित्र अलीगढच्या ग्रंथालयात आहे. काश्मिरातच एका ओढ्यावर बादशहाला पाण्यात बुडी मारून दुसरीकडे वर येणारा एक छोटा पक्षी दिसला. त्याचे पाय बदकासारखे पडद्याचे आहेत की जमिनीवरच्या पक्ष्यांसारखे मोकळे, हे पाहण्यासाठी त्याने दोन पक्षी पकडवले. एक लगेच मेला, दुसरा दिवसभर जगला. पायांना पडदा नव्हता. याचेही चित्र मन्सूरने काढावे असा हुकूम झाला. चित्राची मागणीच मुळी अशा प्रश्नातून होत होती: पाय कसे आहेत? माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचीच ही जात.

१६२१ मध्ये हबशांच्या मुलुखातून आणलेला एक झेब्रा दरबारात आला. अंगावरचे पट्टे पाहून पुष्कळांना वाटले की कोणीतरी ते रंगवलेच असणार. बादशहाने खात्री करून घेतली. मन्सूरने त्याचे चित्र काढले, आणि त्या चित्रावर जहांगीरच्या हातची नोंद आहे. पुढे झेब्रा भेट म्हणून इराणच्या शहा अब्बासकडे गेला. या चित्रातली एक गोष्ट मला टर्कीपेक्षाही महत्त्वाची वाटते. झेब्र्याच्या तोंडावर म्होरकी आहे. हा मोकळ्या कुरणातला प्राणी नसून राजाच्या दारी बांधलेला प्राणी आहे हे मन्सूरने लपवले नाही. पार्श्वभूमी गाळणारा हा माणूस म्होरकी गाळत नाही. आणि मी? माझ्या चित्रात त्या फांदीमागून एक विजेची तार जात होती. ती मी पुसून टाकली होती, आणि एकाकीपणाबद्दल मला बक्षीस मिळाले होते.

कोणी म्हणेल की मन्सूरच्या चित्रांत भाव नाही, ती नुसती नोंदवही आहे. हा आक्षेप माझ्याही मनात आला होता. त्याला उत्तर म्हणून मी विंडसरच्या राजसंग्रहातला त्याचा सरडा पुढे करीन. फांदीला धरून बसलेला हिरवा सरडा, भोवती फारसे काही नाही. आणि तरी तो गोल उघडा डोळा पाहिला की एक विचित्र स्तब्धता जाणवते. हा भाव बाहेरून घातलेला नाही. प्राण्याकडे पुरेसा वेळ पाहिले की तो आपोआप येत असावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच चित्रशाळेतले चिनाराच्या झाडावरच्या खारींचे एक प्रसिद्ध चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सोनेरी आकाश, शरदातली तांबडी-पिवळी पाने, झाडाला बिलगून वर चढू पाहणारा अनवाणी पारधी आणि फांद्यांवर उड्या मारणाऱ्या तांबूस खारी. वातावरण म्हणाल तर काठोकाठ. ते अबुल हसनचे असे बहुतेक जाणकार मानतात. काहींना त्यात मन्सूरचाही हात दिसतो. तशा तांबड्या खारी हिंदुस्थानात नसतात, तेव्हा त्या कोणीतरी बाहेरून आणलेल्या असाव्यात. इतक्या भावपूर्ण चित्रातही खार कोणत्या जातीची हे ओळखता येते, ही गोष्ट माझ्यासारख्याने विसरू नये. वातावरण आणि ओळख यांचे वैर नाही. वैर मी लावले होते.

त्याच सुमारास युरोपात रूलांट साव्हरी हा चित्रकार डोडो काढत होता. त्याचा १६२६ च्या सुमाराचा डोडो जगभर प्रसिद्ध झाला: लठ्ठ, बेढब, जरा हास्यास्पद. पिंजऱ्यात खाऊ घालून माजवलेले किंवा पेंढा भरलेले पक्षी पाहून अशी चित्रे झाली असावीत असे मानतात. पुढच्या पिढ्यांनी तोच डोडो खरा धरला, आणि एका नाहीशा झालेल्या पक्ष्याची मूर्ख, सुस्त म्हणून कायमची बदनामी झाली. मोगल चित्रातला डोडो सडसडीत आहे, तपकिरी आहे, दोन पायांवर नीट उभा आहे. भोवतालचे पक्षी रंगासकट बिनचूक आहेत म्हणून डोडोही बिनचूक असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शेजाऱ्यांनी दिलेली साक्षच ती. डोडो उरला नाही. त्याची बाजू मांडायला हा एक कागद उरला.

असेच आणखी दोन कागद कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. एकावर सायबेरियाचा पांढरा क्रौंच, दुसऱ्यावर बंगाली तणमोर. या क्रौंचाला शास्त्रीय नाव मिळाले १७७३ मध्ये आणि तणमोराला १७८९ मध्ये. मन्सूरने दोघांनाही सुमारे दीडशे वर्षे आधी ओळखीच्या साऱ्या खुणांसह कागदावर उतरवले होते. सायबेरियाचे हे क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला उतरत असत. २००२ नंतर ते तिथे आलेले नाहीत. तणमोर आता तराईतल्या आणि आसामातल्या मोजक्या गवताळ जागी उरला आहे. मन्सूरला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या काळी पक्ष्यांना तोटा नव्हता. त्याला हुकूम होता आणि त्याच्या हातात कुंचला होता.

१६२७ मध्ये जहांगीर वारला. त्याआधी काही वर्षांपासूनच मन्सूरचे नाव दिसेनासे होते. पुढे शाहजहानची आवड इमारतींकडे आणि दरबारी थाटाच्या चित्रांकडे वळली. बादशहाच पक्ष्याचे पाय तपासतो आहे असे दिवस पुन्हा आले नाहीत. मन्सूरचा मृत्यू कधी झाला, त्याला कुठे पुरले, हेही जन्मासारखेच नोंदीबाहेर राहिले. ज्याने दुसऱ्यांच्या इतक्या नोंदी केल्या त्याची स्वतःची नोंद एवढीच.

सुरतेहून निघताना दाजींनी मला पुन्हा एकदा किल्ल्यापाशी नेले, कारण पहिल्या वेळी मी कॅमेरा घरीच विसरलो होतो. तापीच्या वाळूत बगळे उभे होते, सूर्य मावळत होता, आणि पाण्यावर सोनेरी चकाकी होती. सवयीप्रमाणे मी उजेड कमी करून एक काळी आकृती टिपली. मग जरा पुढे जाऊन, उजेड पाठीशी घेऊन, दुसरे टिपले. पहिले चित्र जास्त देखणे आहे हे मी आजही म्हणेन. पण चोच पिवळी आहे की काळी, पायांची बोटे कोणत्या रंगाची आहेत, हे दुसऱ्यातच दिसते. दाजींना मात्र दोन्हींत फरक काय ते कळेना; त्यांच्या मते दोन्हींत किल्ला यायला हवा होता.

घरी आल्यावर मी धनेशाचे मूळ चित्र संगणकावर काढले आणि काळोखातून काही वर येते का ते पाहिले. तार दिसू लागली, फांदीची साल दिसू लागली. डोळ्याच्या जागी नुसते करडे ठिपके आले. त्या पहाटे मीच उजेड इतका कमी घेतला होता की तिथे काही उमटलेच नव्हते.

यंदाच्या मार्चमध्ये मी आणि माझे सहकारी दांडेलीला गेलो. ते झाड सापडले. दोन दिवस आम्ही खाली बसून होतो. त्या फांदीवर कोणी आले नाही. परतताना बसमध्ये त्यांनी आपली वही काढली आणि गेल्या वर्षीची माझी नोंद मला विचारून विचारून भरली: ठिकाण, तारीख, वेळ, झाड. नर की मादी हा रकाना त्यांनी कोरा ठेवला.